कशावरून मॅडम

प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये मी सुकटीचा डबा गरम करायला ठेवला.

ओव्हन चालूच होता. खालच्या कप्प्यात ट्रेवर कसलीशी पानं पसरलेली होती, वरचा कप्पा रिकामा. मी कॉलेजात नवा, रसायनशास्त्र शिकवायला लागलेला, शेणव्याहून मोटारसायकलवर येणारा. रिकामी जागा दिसली की वापरायची, एवढंच मला कळलं. डब्यात सुकटीची चटणी होती आणि तांदळाची भाकरी. वाफ कोंडू नये म्हणून झाकणही मी विचारपूर्वक सैल केलं आणि तासाला गेलो.

परत आलो तर ओव्हनसमोर एक बाई उभ्या. उंच, काटकुळ्या, अ‍ॅप्रनच्या दोन्ही खिशांत हात. माझा डबा टेबलावर.

"हा कुणाचा?"

"माझा."

"कशावरून?"

आपला डबा आपला कशावरून, याचा विचार मी जन्मात केला नव्हता. "खाली नाव घातलंय," मी म्हणालो. त्यांनी डबा वर धरला, मान वाकडी केली आणि बुडावरचं नाव वाचलं. "सौ. यमुना विशे. म्हणजे आईचा." मग पानांचा ट्रे बाहेर काढला, नाकाशी नेला आणि सगळी पानं कचऱ्यात ओतली. दारातून जाताना वळल्या.

"चटणीत लसूण जास्त आहे."

रोकडे मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी. त्या वनस्पतिशास्त्राच्या. शहापूर-मुरबाडकडची सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि सगळ्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना एकच नाव ठेवलेलं: कशावरून मॅडम. असं सांगतात की, एकदा प्राचार्यांनी वरून फोन केला, "मॅडम, मी प्राचार्य बोलतोय." मॅडम म्हणाल्या, "कशावरून?" प्राचार्य जिना उतरून स्वतः खाली आले. ही गोष्ट खरी कशावरून, असं मी एकदा मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे," आणि उत्तर दिलं नाही.

त्यांचा संशय माणसांपुरता नव्हता. दुधाच्या पिशवीवरची तारीख त्या पुसून बघायच्या. हवामानाच्या अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि छत्रीवरही नव्हता, म्हणून पावसाळ्यात दोन छत्र्या आणायच्या. प्रयोगशाळेतला तराजू रोज सकाळी एकाच वजनानं तपासायचा, आणि ते वजन महिन्यातून एकदा दुसऱ्या वजनानं. मुलानं "मॅडम, मला ताप होता" म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या. मग स्वतःच्या कपाळाला. मग शेजारच्या मुलाच्या. "तुलना हवी," असं म्हणायच्या. अपमान झालाय की वैद्यकीय तपासणी, ते त्या मुलाला शेवटपर्यंत कळायचं नाही.

आणि गाठी. त्यांची प्रत्येक वस्तू, बाटली, पिशवी, कपाटाची कडी, लाल दोऱ्यानं बांधलेली असायची. गाठ अशी की, सोडली तर परत तशी मारता येत नाही. ही गाठ त्यांना वडिलांनी शिकवलेली. वडील रेल्वेत गँगमन होते, उंबरमाळीच्या बाजूला. खांद्यावर हातोडा टाकून रुळांच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक बोल्टवर ठोका मारून त्याचा आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. लहानपणी मॅडम सुट्टीत त्यांच्या मागे चालायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "बाबा, काल तर ठोकला हा बोल्ट. घट्ट होता." बाप म्हणाला, "काल होता. आज आहे कशावरून?"

त्याच बापानं त्यांना आणखी एक सांगितलं होतं. घरात बुद्धाची तसबीर होती, वंदना व्हायची, पण बाप म्हणायचा, "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाय. खुद्द भगवंतानं सांगितलं म्हणूनसुद्धा नाय. तपासायचं, पटलं तर घ्यायचं." मॅडम हे मला सांगत होत्या तेव्हा मी भारावून मान डोलावत होतो. त्यांनी बोलणं थांबवलं. "तुम्ही लगेच मानलंत?"

त्या मला भेटल्या तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि पीएचडी व्हायची होती. म्हणजे चालू होती, बऱ्याच वर्षांपासून. विषय अडुळशाचा. आमच्याकडे अडुळसा कुंपणाला लावतात, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. घरात कुणी खोकलं की आया कुंपणाची चार पानं तोडून काढा करतात. मॅडमचा प्रश्न असा की, पान तेच, पण ते उन्हात वाळवलं, सावलीत वाळवलं किंवा ओव्हनमध्ये वाळवलं, तर त्यातलं शरीराला उपयोगी द्रव्य, ते अँटिऑक्सिडंट की काय म्हणतात ते, कशात किती टिकतं? आणि मग त्या पानाचा अर्क पाण्यात उकळून काढला, थंड पाण्यात भिजवून काढला किंवा अल्कोहोलमध्ये काढला, तर किती हाती लागतं?

मोजायची रीत बघायला मोठी सुंदर. एक गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अर्क टाकायचा. अर्कात दम असला तर जांभळा रंग विरत जातो आणि द्रावण पिवळं पडतं. किती पिवळं ते यंत्र सांगतं. मला ते जादूसारखं वाटायचं, आणि मॅडमना जादूसारख्या वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा राग होता.

एकदा मुरबाडच्या बाजारात त्या मला घेऊन गेल्या. एक माणूस चादर अंथरून हिरव्यागार पावडरीच्या पुड्या विकत होता. "सावलीत वाळवलेला अडुळसा, ताई! खोकला पळाला म्हणून समजा!"

"सावलीत कशावरून?" मॅडम खाली बसल्या.

"रंग बघा की. उन्हात वाळवला असता तर असा हिरवा राहिला असता?"

मॅडमनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, त्यात चिमूटभर पावडर टाकली, हलवली. पाणी क्षणात शाळेच्या भिंतीसारखं हिरवं झालं. "पानाचा हिरवा असा पाण्यात उतरत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा तुमचा हिरवा आहे. पानाचा नाही." माणसानं चादरीची चार टोकं उचलली आणि दिसेनासा झाला. मॅडम उठल्या, माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात दोन पुड्या होत्या. त्या बाटली काढत होत्या तेवढ्यात मी घेतल्या होत्या. आईला सतत खोकला असतो.

त्यांचं घर मुरबाडला. दारावर पितळी पाटी, नाव कोरलेलं: सुमन रोकडे. पण नाव पाटीच्या मधोमध नव्हतं, उजवीकडे सरकलेलं. डावीकडे चांगली दोन बोटं जागा मोकळी. "कोरणाऱ्यानं चूक केली का?" मी विचारलं. "नाही," मॅडम म्हणाल्या, "मीच सोडायला सांगितली." आणि पहिल्यांदा, एकदाच, त्यांनी माझ्या नजरेला नजर देणं टाळलं. 'डॉ.' एवढ्याच अक्षरांची ती जागा होती. ज्या बाईनं आयुष्यात कधी काही गृहीत धरलं नाही, तिनं तेवढं एक धरलं होतं.

त्या वर्षी मुदत संपत होती. नोंदणीला मिळायच्या तेवढ्या सगळ्या मुदतवाढी मिळून झाल्या होत्या. उन्हातली पानं मोजून झाली होती, ओव्हनमधली (माझ्या डब्यानंतर परत वाळवलेली) झाली होती, फक्त सावलीतली राहिली होती. कारण उन्हाळ्यात सावलीतल्या पानांचे ट्रे कॉलेजच्या मागच्या खोलीत ठेवले, तर उंदरीण त्यातच बाळंतीण झाली. मॅडमनी पिल्लं उचलून सुरक्षित जागी ठेवली, पानं टाकली, आणि वर आषाढ लागला.

मार्गदर्शक सरांना त्यांनी फोन केला. मोसम बदललाय, पानं उन्हाळ्यातली नाहीत, तुलना कशी होणार? सर म्हणाले, "झाड तेच ना? मग झालं." मॅडमना ते पटलं नाही, पण मुदत होती. त्यांच्या आयुष्यात न पटलेली गोष्ट त्यांनी केली असं तेवढंच मला माहीत आहे. कॉलेजची ती खोली आता उंदरांची झाली होती. मुरबाडच्या फ्लॅटमध्ये वारा नव्हता. आणि तिथे मी पुढे सरसावलो.

"मॅडम, आमच्या शेणव्याच्या घराला पडवी आहे. वारा नुसता खेळत असतो."

"कशावरून खेळतो?"

"मॅडम, मी तिथं जन्मलो."

त्यांनी पानं स्वतः वजन करून ट्रेवर पसरली, वर पांढरं मलमलचं फडकं घातलं आणि चारी बाजूंनी लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या. "गाठ सुटली तर मला कळतं," त्या म्हणाल्या. मी ट्रे घरी आणले, पडवीत फळीवर मांडले आणि आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही. गाठ सोडायची नाही." आई म्हणाली, "मी कशाला सोडू तुझ्या गाठी?" विषय संपला असं मी समजलो आणि पुढे ट्रेकडे ढुंकूनही बघितलं नाही, कारण मला हात लावायला मनाई होती आणि मनाई मी मनापासून पाळतो.

पानं वाळली तसे आईनं ट्रे माझ्या पिशवीत घालून दिले. मॅडमनी एकेक गाठ भिंगातून तपासली. सगळ्या शाबूत. मग फडकं सोडलं, वाकल्या, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"याला धुराचा वास येतोय."

"तो माझा, मॅडम."

"कशावरून?"

"आमच्याकडे चूल आहे. माझ्या शर्टाला येतो, पिशवीला येतो, पोरांच्या तपासलेल्या पेपरांना येतो. तुम्ही शर्टाचा वास घेऊन बघा." आणि मी खरोखर कॉलर पुढे केली. मॅडमनी अंतर ठेवून वास घेतला. माझा वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. "हं," म्हणाल्या, आणि पानं कुटायला घेतली. त्यांचं नाक बरोबर होतं. त्यांनी कुणाचं तरी ऐकलं, आणि तो कुणीतरी मी होतो.

मग तो दिवस आला. अर्क तयार झाले. मॅडमनी सावलीवाल्या पानांचा अर्क जांभळ्या द्रावणात टाकला आणि जांभळा रंग दिव्याची वात विझावी तसा गेला. नेहमी ताटकळत बसावं लागायचं, इथे बघता बघता पिवळं. यंत्रानं जो आकडा दाखवला त्यापुढे ऊन कुठेच नव्हतं, ओव्हन कुठेच नव्हता. मी ओरडलोच. लॅब अटेंडंट बबन धावत आला, त्याला वाटलं काही फुटलं. मी म्हणालो, "बबनराव, यांना आता डॉक्टर म्हणायचं!"

"बसा खाली," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी काचेची भांडी बदलली. द्रावण नवं केलं. यंत्र बंद करून चालू केलं. परत तोच आकडा. दुसऱ्या दिवशी परत तोच. माणूस खूश होतो. मॅडमचा चेहरा दिवसेंदिवस काळवंडत गेला. आणि मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"विशे सर, परवा लॅबची किल्ली तुमच्याकडे होती?"

"हो, नेहमीसारखी."

"तुम्ही लिंबू फार खाता का?"

"जेवणात असतं, मॅडम."

त्यातला अर्थ मला घरी जाताना वाटेत उमगला आणि मोटारसायकल खड्ड्यात गेली. व्हिटॅमिन सीची चिमूटभर पूड कुठल्याही अर्कात टाका, जांभळं पिवळं होणारच. आमच्या लॅबमध्ये तुलनेसाठी त्याची बाटली असायची. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाटली जागेवर नाही. ती कपाटात गेली होती, कपाटाला कुलूप, कुलपावर लाल दोरा, आणि किल्ली बबनकडे. बबनकडे! मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि रसायनाची किल्ली बबनकडे!

वर, त्या दिवशी मी प्रॅक्टिकल घ्यायला लागलो तर मॅडम मागच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हाताची घडी, नजर माझ्या बोटांवर. माझ्या हातून एक चंचुपात्र फुटलं, एक द्रावण ज्या रंगाचं व्हायला हवं होतं त्याच्या भलत्याच रंगाचं झालं, आणि मुलांना मी सांगितलं की, असंही होऊ शकतं.

संशय साथीच्या रोगासारखा असतो. आता मला मॅडमचा यायला लागला. ही बाई इतकी वर्षं पीएचडी का लांबवतेय? हिला डॉक्टर व्हायचंच नसेल तर? उद्या उत्तर मिळालं तर परवा विचारायचं काय, ही भीती असेल तर? मी त्यांच्याबरोबर डबा खाणं बंद केलं. त्यांच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही, पण त्या एकदा बबनला म्हणाल्या, "आजकाल लसणाचा वास येत नाही."

मार्गदर्शक सरांचा फोन स्पीकरवर आला तेव्हा मी तिथेच होतो. "मॅडम, आकडा उत्तम आहे. पुन्हा पुन्हा तोच येतोय. महिनाअखेर मुदत संपते. आता अडतंय कुठं?"

"आकडा उत्तम आहे तिथंच अडतंय, सर."

"कमाल करता! लोकांचे आकडे वाईट येतात म्हणून अडतं."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "विशे सर, उद्या तुमच्या घरी येते."

झडती! दुसरा अर्थ मला सुचलाच नाही. घरी पोचताच मी चौफेर नजर टाकली, तर देवळीत गोळ्यांचं पाकीट. दवाखान्यातून आईला मिळालेल्या, चघळायच्या, नारिंगी. व्हिटॅमिन सी. मी पूर्ण निर्दोष माणूस होतो. म्हणून मी ते पाकीट उचलून तांदळाच्या डब्यात खोल दाबून टाकलं.

मॅडम जीपमधून उतरल्या, दोन छत्र्या घेऊन. आईनं "या बाय, या" म्हणत पडवीत खुर्ची मांडली. मॅडम बसल्या नाहीत.

"ट्रे कुठं होते?"

"या फळीवर," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी स्वतः ठेवले, मॅडम!" माझा आवाज चढला.

तेवढ्यात आई आतून सूप घेऊन बाहेर आली, सुपात तांदूळ, तांदळात नारिंगी पाकीट. "ह्या माझ्या गोळ्या तांदळात कोणी घातल्या रे? तू घातल्या?"

मॅडमनी पाकीट उचललं. नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात बरीच मूर्ख तोंडं केली आहेत, पण तसं पुन्हा जमलं नाही.

"माझ्या आहेत त्या," मी म्हणालो. "म्हणजे आईच्या. म्हणजे मी लपवल्या. पण टाकल्या नाहीत."

"कशात?" मॅडमनी विचारलं.

आईला यातलं काही कळलं नाही, पण पोरगा अडचणीत आहे एवढं कळलं, आणि ती मदतीला धावली. "ओ बाय, ह्यानं काय नाय केला. तुमची पानं मीच सांभाळली. हा तर बघत पण नव्हता."

"सांभाळली म्हणजे?"

"म्हणजे पयल्या दिशी हितं व्हती. मंग पाऊस असा काय लागला, पडवीत ओल मेली. हितं काय सुकतंय? बुरा आला असता बुरा. मंग मी उचलली न् चुलीवं माळ्यावं ठेवली. आमी बियाणा तिथंच ठेवतो पावसात. मकं, काकडीचा, भोपल्याचा, समदा."

"गाठी सोडल्या नाहीत?"

"गाठी कशाला सोडू? ह्यानं सांगितला व्हता ना. अख्खा ट्रे उचलला."

मॅडम आत गेल्या. आमच्या माळ्याचे वासे पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानं डांबरासारखे झालेले आहेत. त्यांनी टाचा उंचावल्या, वाशावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.  मग चुलीपुढच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, चहा असेल तर द्या."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी ट्रेवरचं ते मलमलचं फडकं कपाटातून काढलं. पांढरं फडकं साय धरल्यासारखं पिवळट झालं होतं. ते आम्हा दोघांनाही आधी दिसलं नव्हतं, कारण आम्ही गाठी बघत होतो. त्यांनी त्याचा एक कोपरा कात्रीनं कापला आणि अल्कोहोलमध्ये भिजत घातला. पान नाही, पावडर नाही, नुसतं फडकं. दुपारी तो अर्क जांभळ्या द्रावणात टाकला. जांभळा रंग गेला. शेजारी त्याच ताग्यातलं कोरं फडकं भिजवलं होतं, त्याच्या अर्कानं काही झालं नाही.

लाकडाच्या धुरातही तसलीच द्रव्यं असतात, पानातली नव्हेत, पण रंग उडवण्यापुरती त्यांची भावकी. पानांनी माळ्यावर बसून ती पोटभर खाल्ली होती. द्रावणाला काय, ते कुणाचं गोत्र विचारत नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं की, फडक्यात औषधी गुण निघाले. ती म्हणाली, "मग आता फडका उकळून प्यायचा का?"

पण मी मी आहे. मला दुसऱ्याच दिवशी कल्पना सुचली. "मॅडम, वाया काहीच गेलं नाही! नवं प्रकरण लिहा. माळ्यावरची वाळवण, आपली पारंपरिक पद्धत! सगळ्यांत वरचा आकडा! जग डोक्यावर घेईल."

"धुरात दुसरं काय काय असतं माहिती आहे?"

"थोडंफार."

"त्याचा काढा करून खोकल्याच्या माणसाला देणार? कुणाला देणार पहिल्यांदा? आईला?"



मार्गदर्शक सर भले माणूस. त्यांनी मधला मार्ग सुचवला. "सावली होतीच ना घरात? छपराखालीच होती पानं. 'सावलीत वाळवली' एवढं लिहा. खोटं काय त्यात?" मॅडमनी फोन कानापासून थोडा दूर धरला होता. त्या म्हणाल्या, "सर, मी तिथं बोट फिरवून आले." मुदतवाढीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला, आणि नोंदणी संपली. बबन रडला. मी प्राचार्यांकडे जाऊन भांडतो म्हणालो, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जाऊ नका, माझं आणखी काहीतरी जाईल."

वार्षिक परीक्षेआधीच त्यांची निवृत्ती झाली. समारंभात प्राचार्य म्हणाले, की मॅडम म्हणजे या संस्थेचा आधारवड. मी मॅडमकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही. पुढे एकदा मुरबाडला गेलो तर दारावरच्या पाटीत, त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत, त्यांनी दाराच्या बेलचं बटण बसवून घेतलं होतं. जागा बरोबर पुरली होती.

शेवटचं त्यांना मी पाहिलं ते माघात. आधी आल्या त्या आमच्याच पडवीत. सकाळीच जीपमधून उतरल्या, ट्रे, फडकी, लाल दोऱ्याचं रीळ. "सगळं एकाच झाडाचं, एकाच दिवशी तोडलेलं," त्यांनी मला बजावलं, "ऊन, सावली, ओव्हन. तुलना हवी." उन्हातले ट्रे खळ्यात मांडले. ओव्हनच्या वाट्याची पानं मी कॉलेजात पोचवली, डब्याशिवाय. आणि पडवीतल्या ट्रेजवळ त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या. वाळेपर्यंत रोज येऊन बसल्या. कुणापासून राखण करतायत हे आईला बरोबर कळत होतं.

"आता नाय उचलत, ओ बाय. आता पाऊस कुठाय?"

"तुम्ही उचलणार नाही कशावरून?"

"माझे गुडघे दुखतात, त्यावरून."

मॅडमनी यावर विचार केला आणि मान डोलावली. त्या बाईनं एखादं उत्तर मान्य केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुपारी दोघी सुकटीची चटणी नि भाकरी जेवायच्या. लसूण आईनं कमी केला नव्हता. मॅडमनी तक्रार केली नाही.

आकडे काढायला कॉलेजनं दोन दिवस लॅब वापरू दिली. सावलीतली पानं उन्हातल्यापेक्षा जरा वर, ओव्हन मधेच कुठंतरी. पाण्यापेक्षा अल्कोहोलनं जास्त ओढलं. बस्स. कुणी पेपरात छापणार नाही असा निकाल.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला माझीच लाज वाटली.

कॉलेजच्या दारात जीप आली. त्या रिकामे ट्रे एकावर एक रचून दोरा गुंडाळत होत्या. मनात इतके महिने अडकलेला काटा मी तेव्हा काढला. "मॅडम, एक विचारू? पावसाळ्यात तुम्हाला माझा संशय आला होता ना? व्हिटॅमिन सीचा? खरं सांगा. ती बाटली कुलपात गेली, किल्ली बबनकडे गेली..."

"किल्ली माझ्याकडे राहू नये म्हणून बबनकडे दिली," त्या गाठ मारत म्हणाल्या. "आकडा हवा कुणाला होता? मला. मग पहिला संशय कुणाचा घ्यायचा?"

 माझा ऊर भरून आला. म्हणजे इतके दिवस मी उगाच. "म्हणजे माझा संशय कधीच आला नव्हता?"

"आला होता की. एक दिवस. म्हणून तुमच्या प्रॅक्टिकलला मागे येऊन उभी राहिले." त्या जीपमध्ये चढल्या, ट्रे मांडीवर घेतले. "मग तुमचं नाव खोडलं. असा आकडा खोटा काढायचा तर रसायनशास्त्र यावं लागतं, विशे सर."